पेन्शनीत कर्जाचे हप्ते झेपत नसतील तर काय करायचं

बाबा रिटायर झाले तेव्हा दोन क्रेडिट कार्डं आणि एक पर्सनल लोन बाकी होतं आणि घरात कोणालाच पत्ता नव्हता. सकाळी साडेसातला फोन वाजला की ते गॅलरीत जायचे, दार ओढून घ्यायचे, तोंडापाशी हात धरून हळू बोलायचे, आम्हाला वाटायचं कोणी मित्र असेल. कळलं तोवर ग्रॅच्युइटीची एक एफडी मोडून हप्त्यात गेली होती. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो, लाजेपोटी म्हातारपणाचा पैसा मोडू नका.

कारण पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि पीएफ यांवर कोर्टाची जप्ती येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येच तसं आहे, आणि २००८ साली सुप्रीम कोर्टाने राधेश्याम गुप्ता केसमध्ये सांगितलंय की हा पैसा एफडीत टाकला तरी त्याचं संरक्षण जात नाही. पण एक मेख आहे, पेन्शन ज्या बँकेत येते तिथलंच लोन असेल तर बँक खात्यातनं परस्पर पैसे वळते करू शकते, त्यामुळे जमलं तर पेन्शनचं खातं दुसऱ्या बँकेत हलवा.

मग एक वही घ्या. कोणाचं किती, व्याज किती, तारण काय, जामीनदार कोण, सगळं लिहून काढा आणि घरच्यांना दाखवा (हेच सगळ्यात जड जातं, पण इथूनच मार्ग निघतो). घर किंवा सोनं तारण असेल तर ते हप्ते आधी भरा, होमलोन थकलं की सरफेसीची (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते आणि मग घरावरच गदा येते. कार्ड आणि पर्सनल लोन थांबले तर बँक थेट घरावर येऊ शकत नाही, त्यासाठी तिला आधी कोर्टात जावं लागतं. मात्र चेक किंवा ऑटो डेबिट बाउन्स झालं तर फौजदारी केस होऊ शकते, तेव्हा कोरे चेक कोणालाही देऊ नका.

रिकव्हरीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला आरबीआयची मनाई आहे, शिव्या, धमक्या, शेजाऱ्यांना सांगणं हेही चालत नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, शिक्का मारल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर आरबीआय लोकपालाकडे तक्रार जाते, फी नाही, चौकशीसाठी १४४४८.

आता खरा मार्ग म्हणजे सेटलमेंट, म्हणजे बाकीपेक्षा कमी रकमेत कर्ज मिटवणं. पेन्शन स्लिप आणि औषधांची बिलं जोडून बँकेला पत्र द्या की एवढीच रक्कम एवढ्या महिन्यांत देऊ शकतो. तोंडी कबुलीवर एक रुपया भरू नका, बँकेच्या लेटरहेडवर पत्र हवं आणि पैसे फक्त लोन खात्यातच भरायचे. सिबिलला (कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) सेटल्ड असा शेरा पडतो, नवीन लोन अवघड होतं, पण सत्तरीत नवीन लोन हवंय कशाला? बँक ऐकत नसेल तर लोकअदालत बघा, तिथे कोर्ट फी नाही आणि तडजोड झाली की त्यावर अपील नसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कमी उत्पन्नवाल्यांनाही मिळतो, हेल्पलाइन १५१००.

दिवाळखोरी अगदी शेवटी. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला सामान्य माणसासाठीचा भाग अजून लागूच झालेला नाही, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला व्यक्तिगत हमी दिलेल्यांना लागू आहे. आपल्यासाठी अजून १९२० चा जुना कायदा, अर्ज जिल्हा न्यायालयात, मुंबईत १९०९ चा कायदा आणि हायकोर्ट. कोर्ट मालमत्ता ताब्यात घेतं, वेळ खूप जातो. आणि अर्जाच्या भीतीने घर मुलाच्या नावावर करू नका, दोन वर्षांच्या आतली अशी बक्षीसपत्रं कोर्ट रद्द करू शकतं.

बाबांना सगळ्यात जास्त काळजी होती ती आमच्यामागे कर्ज लागेल याची. तसं होत नाही. वारसांची जबाबदारी वारसात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, स्वतःच्या पगारातनं नाही. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर मात्र गोष्ट वेगळी, म्हणून वहीत आधी त्या सह्या तपासा.