सुरक्षिततेची जबाबदारी ठरवताना या चुका टाळा

दरवर्षी 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, मुंबई आणि परिसरातील अनेक कारखान्यांत व बांधकामांवर शपथ घेतली जाते आणि फाटकावर ‘सुरक्षा ही सर्वांची जबाबदारी’ असा फलक लागतो. पहिली चूक तिथेच होते. परळमधल्या एखाद्या टॉवरवर लिफ्टच्या डक्टचे तोंड उघडे दिसले, तर ते कोणी झाकायचे, केव्हापर्यंत आणि झाकल्याची खात्री कोणी करायची, हे नावानिशी लिहिलेले नसेल तर ‘सर्वां’पैकी कोणीही ते झाकत नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळा भार सुरक्षा अधिकाऱ्यावर टाकणे. तो सल्ला देतो. काम थांबवण्याचा आणि पैसे मंजूर करण्याचा अधिकार बहुधा दुसऱ्याकडे असतो. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कारखाने अधिनियमात 1987 साली दुरुस्ती झाली, तेव्हा कंपनीचा ‘भोगवटादार’, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेली आणि कायद्याने जबाबदार व्यक्ती, म्हणून संचालकांपैकीच एकाला धरण्यात आले, ते उगीच नव्हे. म्हणून सुरक्षा समितीच्या बैठकीत खर्चाचा निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती बसते का, हे आधी पाहावे.

सर्वांत घातक सवय मात्र चौकशी ‘कामगाराची हलगर्जी’ या शेऱ्यावर संपवण्याची आहे. साकीनाक्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, बोट तुटले, तर ‘हात आत का घातला’ एवढेच विचारून भागत नाही. संरक्षक जाळी कोणी काढली, दोन्ही हातांनी दाबायची बटणे एका हाताने चालतील अशी कोणी केली, आणि रोजचे उत्पादन किती ठरवले होते म्हणून तसे करावे लागले, हेही विचारावे लागते. त्या उत्तरांत सुपरवायझर आणि मालक दोघेही येतात, बहुधा म्हणूनच हे प्रश्न विचारले जात नाहीत.

थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंदवही महिनोन्महिने कोरी असेल, तर ती सुरक्षिततेची खूण समजू नये. नोंद करणाऱ्यालाच मेमो मिळतो का, किंवा ‘अपघातमुक्त दिवसां’च्या बक्षिसासाठी जखमा लपवल्या जातात का, हे तपासावे. ठेकेदाराच्या माणसांची नोंद वेगळ्या वहीत, किंवा कुठेच नसणे, हाही त्याच आजाराचा भाग.

वेल्डिंगचे परमिट, म्हणजे ते काम सुरू करण्याची लेखी परवानगी, सकाळी ऑफिसात बसून सही केलेले आढळले, तर ते रद्द करून सही करणाऱ्यालाच कामाच्या जागी न्यावे आणि आसपासचे ज्वलनशील सामान हलवल्याचे त्याने स्वतः पाहिल्यावरच नवे परमिट द्यावे.