गोवा रेराच्या कामाची विधानसभेत झडती कशी घ्यावी

घरबांधणी प्रकल्प आणि बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्यात, राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या फेरआढाव्याची मुदत ठरवून दिलेली नाही. आमदारांच्या हाती आहेत ती दोन कलमे. कलम ७८नुसार प्राधिकरणाने गेल्या वर्षाचे काम, हिशेब आणि पुढच्या वर्षाचा कार्यक्रम यांचा अहवाल दरवर्षी तयार करायचा आणि तो सभागृहापुढे यायचा. कलम ७७नुसार कॅगने (महालेखापरीक्षकांनी) तपासलेले हिशेबही तिथेच ठेवायचे. म्हणून पर्वरीतल्या विधानसभा अधिवेशनाच्या तारखा लागल्या की आधी पाहा, पटलावरचा शेवटचा अहवाल कोणत्या वर्षाचा आहे. मधली वर्षे रिकामी असतील तर पहिला प्रश्न तोच.

अहवाल हाती आला की नोंदणीकृत प्रकल्पांच्या आकड्यावर रेंगाळू नका. बघायचा तो ‘निकाली तक्रारी’चा रकाना, कारण फसगत तिथेच होते. निकाली म्हणजे आदेश निघाला. ग्राहकाला पैसे मिळालेच असे नाही. बिल्डरने परतावा किंवा व्याज दिले नाही, तर कलम ४०नुसार ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. ते काम महसूल यंत्रणेचे, आणि फाइल अडकते ती तिथे. गोव्याबाहेर राहणारा ग्राहक मामलेदार कचेरीत किती हेलपाटे घालणार? त्यामुळे तालुकावार तक्ता मागा: वसुलीसाठी पाठवलेली प्रकरणे, त्यांतली एकूण रक्कम, प्रत्यक्ष वसुली, सर्वांत जुन्या प्रलंबित प्रकरणाची तारीख.

कलम २९ मध्ये ६० दिवसांत निर्णय, नाहीतर विलंबाची कारणे नोंदवायची, असे आहे. इथे सरासरी मागू नका, तिच्यात जुनी प्रकरणे दडतात. ६० दिवसांपलीकडची आणि एका वर्षापलीकडची प्रकरणे वेगवेगळी मोजून मागा.

प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येते. ‘३१ मार्चअखेर’ अशी तारीख घाला. रेरा नगरविकास खात्याकडे, वसुली महसूल खात्याकडे. एकालाच विचारले तर दुसऱ्याकडे बोट दाखवले जाते, म्हणून दोन प्रश्न द्या. तक्ते अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नातून मिळवा. त्यांतली विसंगती मग तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नात धरा, तिथे उपप्रश्न विचारता येतात.

खरेदीदारांनी हाच तक्ता माहिती अधिकारात १० रुपये भरून मागावा. उत्तराला ३० दिवस लागतात, तेव्हा अर्ज अधिवेशनाच्या दीड महिना आधी टाका. मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटले की त्या वाक्याची नोंद तारखेसह ठेवा. पुढे मंत्र्यांची आश्वासने पाळली का हे पाहणाऱ्या विधानसभेच्या आश्वासन समितीकडे तीच लागते.