मुळांवर परिस्थितीचा होणारा परिणाम घरच्या घरी कसा पाहावा

पाने पिवळी पडली की आपण खत घालतो. खाली मुळांचे काय चालले आहे ते दिसतच नाही. तीन पारदर्शक बाटल्या घेतल्या तर ते पाहता येते.

सारख्या आकाराच्या तीन प्लॅस्टिक बाटल्यांचा निमुळता भाग कापून टाकावा. दोन बाटल्यांच्या तळाला भोके पाडावीत, तिसरीला पाडू नयेत. तिन्हींत एकाच ढिगातील चाळलेली माती घ्यावी. ती वेगवेगळी असेल, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. पहिल्या आणि तिसऱ्या बाटलीत माती सैल भरावी, दुसरीत मात्र थोडी थोडी घालून प्रत्येक थर दांड्याने ठोकून घट्ट करावा.

रात्रभर भिजवलेले घेवड्याचे बी बाटलीच्या कडेला चिकटून, साधारण २ सेंटिमीटर खोल पेरावे. मुळे उजेडापासून दूर वळतात, म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळावा आणि ती बी असलेली बाजू खाली येईल अशी थोडी कलती ठेवावी. मुळाच्या टोकावर टोपीसारखे आवरण असते, त्यातील पेशींत पिष्टाचे कण असतात. ते वजनाने तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला खालची दिशा कळते. त्यामुळे कलत्या बाटलीत मूळ कडेला घासत वाढते आणि आपल्याला दिसत राहते.

रोपे वर आल्यावरच तिसऱ्या बाटलीत मातीच्या वरपर्यंत पाणी भरावे. आधी भरले तर बी कुजेल. इतर दोहोंत माती नुसती ओलसर ठेवावी. तिन्ही बाटल्या एकाच जागी असाव्यात, कारण थंड मातीत मुळांची वाढही मंदावते आणि पाणी शोषणेही. दर दोन दिवसांनी कागद काढून मुळाच्या टोकाशी पेनाने खूण करावी व तारीख लिहावी. रोप उपटून पाहण्याचा मोह टाळावा. तंतूसारखी मूलरोमे त्यात तुटतात.

ठोकलेल्या मातीत मूळ आखूड आणि जाड होते. माती कठीण असते हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, मुळातून निघणारा इथिलीन वायू बारीक झालेल्या पोकळ्यांतून बाहेर पडू शकत नाही आणि तो साचला की लांबी खुंटते. पाणी तुंबलेल्या बाटलीतील मुळे तपकिरी पडू लागतात. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, म्हणजे भरपूर पाण्यात उभे असलेले रोप खाली गुदमरत असते. पुष्कळदा ते वर कोमेजलेले दिसते आणि आपण आणखी पाणी घालतो!

पुढच्या फेरीत दोन सैल बाटल्या घ्याव्यात. एकीला रोज वरवर थोडे पाणी द्यावे, दुसरीला वरचा थर सुकल्यावर तळापर्यंत मुरेल इतके, आणि खुणांची खोली पट्टीने मोजून ताडून पाहावी.