पीसी अचानक रिस्टार्ट झाला आणि एक्सेलमधलं काम सेव्ह नव्हतं, आता काय करायचं

मार्च एंडला हे हमखास घडतं. सोसायटीचा हिशोब, वर्गाचे मार्क, जीएसटीचा डेटा असं काहीतरी अर्धवट भरलेलं असतं आणि लाईट जाते, नाहीतर अपडेटसाठी विंडोज स्वतःच रिस्टार्ट घेतं, मग माणूस घाबरून घाईघाईत सकाळची जुनी फाइल उघडतो आणि त्यातच परत भरायला बसतो. प्लीज असं करू नका. बऱ्याचदा काम डिस्कवर कुठेतरी शिल्लक असतं, ते खरं जातं ते रिस्टार्टनंतरच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत आपण जी बटणं दाबतो त्यामुळे. म्हणून आधी हात थांबवा, जुनी फाइल सेव्ह करू नका, टेम्प फाइल्स साफ करणारं कुठलंही क्लीनर चालवू नका.

पीसी चालू झाला की फाइलवर डबल क्लिक न करता स्टार्ट मेनूतून नुसतं एक्सेल उघडा. डाव्या बाजूला डॉक्युमेंट रिकव्हरी नावाचा पट्टा आला तर निम्मं टेन्शन संपलं. त्यात एकाच फाइलच्या दोन-दोन नोंदी असू शकतात, एकीपुढे ऑटोरिकव्हर्ड लिहिलेलं असतं आणि दुसरीपुढे ओरिजिनल, आणि खाली वेळ. ओरिजिनल म्हणजे तुम्ही शेवटचं स्वतः सेव्ह केलेलं, ऑटोरिकव्हर्ड म्हणजे एक्सेलने मागच्या मागे ठेवलेली कॉपी. वेळ बघून जी नंतरची आहे ती उघडा आणि लगेच एफ बारा दाबून वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाइलवर नाही. इथे एक गोष्ट नीट बघायची, ही कॉपी बऱ्याचदा एक्सएलएसबी फॉरमॅटमध्ये असते, तेव्हा सेव्ह ॲजमध्ये टाइप बदलून एक्सएलएसएक्स करा, आणि फाइलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या नोंदवलेल्या आज्ञा) असतील तर एक्सएलएसएम, नाहीतर मॅक्रो उडतात.

पट्टा बंद करताना एक्सेल विचारतं की या फाइल्स नंतर बघायच्या आहेत की काढून टाकायच्या. सगळं तपासून होईपर्यंत नंतर बघायच्या हाच पर्याय निवडा. काढून टाकाला क्लिक केलं की गेलं.

तपासायचं म्हणजे नुसतं वरवर स्क्रोल करायचं नाही. समजा मेंटेनन्सची शीट आहे, तर शेवटची एंट्री कुठल्या फ्लॅटची आणि कुठल्या पावती नंबरची ते बघा, पावती पुस्तकाशी लावून बघा, एकूण रकमेची बेरीज बँकेच्या किंवा कॅशच्या आकड्याशी जुळते का ते बघा, आणि फिल्टर लावलेला असेल तर आधी काढा, कारण ओळी लपलेल्या असल्या की लोकांना वाटतं डेटा गेला. जुनी आणि रिकव्हर झालेली अशा दोन्ही फाइल्स शेजारी शेजारी उघडल्या की फरक पटकन कळतो, त्यासाठी व्ह्यू टॅबमध्ये व्ह्यू साइड बाय साइड आहे.

पट्टा आलाच नाही तर दोन वेगळ्या केसेस आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली केस, फाइलला नावच दिलेलं नव्हतं, बुक वन म्हणूनच काम चालू होतं. तेव्हा फाइल, इन्फो, मॅनेज वर्कबुक आणि त्यात रिकव्हर अनसेव्हड वर्कबुक्स. हेच बटण फाइल, ओपनमध्ये रिसेंटच्या यादीखालीही असतं. जी विंडो उघडते ती अनसेव्हडफाइल्स नावाच्या फोल्डरची, तिथे तारीख-वेळ बघून फाइल उघडा आणि लगेच आपल्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. या फाइल्स कायम राहत नाहीत, चार दिवसांनी आपोआप जातात, त्यामुळे सोमवारी बघू म्हणून सोडू नका.

दुसरी केस, फाइल आधी सेव्ह केलेली होती पण नंतरचं काम नव्हतं. तेव्हा तीच फाइल उघडून फाइल, इन्फोमध्ये मॅनेज वर्कबुकसमोर वेळ लिहिलेली एखादी आवृत्ती दिसते का ते बघा. नसेल तर विंडोजची की आणि आर एकत्र दाबा, जी छोटी चौकट येते तिच्यात ॲपडेटा (appdata) हा शब्द इंग्रजीत, मागेपुढे % ची खूण लावून, मधे स्पेस न देता टाइप करा आणि एंटर. रोमिंग फोल्डर उघडेल, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात एक्सेल. इथे तुमच्या फाइलच्या नावाने पुढे लांबलचक आकडा असलेलं फोल्डर असू शकतं, आत कॉपी सापडते. ती तिथेच उघडू नका, आधी कॉपी करून डेस्कटॉपवर पेस्ट करा, मग उघडा. तिथलं एक्सएलस्टार्ट नावाचं फोल्डर मात्र वेगळ्या कामाचं आहे, त्याला हात लावायचा नाही.

मूळ फाइलच्या फोल्डरमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवल्यावर ~$ ने सुरू होणारी एक छोटीशी फाइल दिसते, त्यात डेटा नसतो, फाइल कोणी उघडलीय एवढीच नोंद असते, त्यामुळे तिच्यामागे लागू नका. पण सेव्ह चालू असतानाच पीसी बंद पडला असेल तर त्याच फोल्डरमध्ये आकडे-अक्षरांचं विचित्र नाव असलेली, कधी एक्सटेंशन (नावाच्या शेवटी येणारा .xlsx सारखा भाग) नसलेली, कधी टीएमपी असलेली फाइल राहू शकते. तिची कॉपी करून नावाच्या शेवटी .xlsx लावून उघडून बघा. आणि फाइल उघडतच नसेल, करप्ट म्हणत असेल, तर फाइल, ओपन, ब्राउझमध्ये फाइल सिलेक्ट करून ओपनच्या शेजारच्या बाणातून ओपन अँड रिपेअर घ्या, आधी रिपेअर, नाही जमलं तर एक्सट्रॅक्ट डेटा.

एवढं करून नाही मिळालं तर स्पष्ट सांगते, जे फक्त रॅममध्ये होतं आणि डिस्कवर लिहिलंच गेलं नव्हतं ते कुठलंही पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर आणून देत नाही. डिलीट झालेल्या फाइल्स परत आणणं हे वेगळं काम आहे. दुकानदार सांगतो म्हणून पैसे घालवू नका.

लिब्रेऑफिस कॅल्क वापरत असाल तर प्रोग्राम परत उघडल्यावर तो स्वतःच रिकव्हरीची विंडो दाखवतो, तिथे रिकव्हरी सुरू करणारं बटण दाबा, डिस्कार्ड नाही. गूगल शीट्समध्ये तर नेट चालू असेल तर टाइप केलेलं लगेच सेव्ह होतं, जुनं हवं असेल तर फाइल, व्हर्जन हिस्ट्री. ऑफलाइन काम केलं असेल तर ते ब्राउझरमध्ये असतं, नेट येईपर्यंत ब्राउझरचा डेटा क्लिअर करायचा नाही आणि त्याच ब्राउझरमध्ये, त्याच अकाउंटने शीट उघडायची.

आता पुढच्या वेळेसाठी. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ऑटोरिकव्हरचा वेळ मूळचा 10 मिनिटं असतो, तो 2 करा, आणि त्याखालचा सेव्ह न करता बंद केलं तरी शेवटची कॉपी ठेवा हा टिक चालू आहे ना ते बघा. त्याच पानावर खाली या वर्कबुकपुरतं ऑटोरिकव्हर बंद करायचाही एक टिक असतो, ऑफिसच्या जुन्या फाइल्समध्ये कोणीतरी कधीतरी तो लावून ठेवलेला असतो, तो काढा. वर डावीकडे ऑटोसेव्हचं जे बटण दिसतं ते वेगळं, ते मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तरच चालतं, पीसीवरच्या साध्या फाइलला नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

विंडोज अपडेटमध्ये ॲक्टिव्ह अवर्स (या वेळेत विंडोज अपडेटसाठी स्वतः रिस्टार्ट घेत नाही) तुमच्या कामाच्या वेळेचे ठेवा, जास्तीत जास्त 18 तास देता येतात. आणि घरी इन्व्हर्टर असूनही लाईट जाताना पीसी रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा, इको मोडमध्ये लाईटवरून बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी बंद पडतो. तरीही होत असेल तर पीसीला वेगळा छोटा यूपीएस लावा, त्याचं काम तासभर चालवायचं नाही, कंट्रोल एस दाबून नीट शटडाउन करण्याएवढी मिनिटं मिळाली तरी पुष्कळ आहे.