माऊ सोफा ओरबाडतेय? आधी हे करून बघा
ओरडू नका, मारू तर अजिबात नका, कारण नखं घासणं ही तिची गरजच आहे, जुनं टरफल त्यानेच निघतं (सोफ्याखाली चंद्रकोरीसारखं पातळ काहीतरी सापडतं ना, तेच ते), अंग ताणून होतं आणि पंज्याचा वास लागून जागा तिची होते. 80-90 सेंमी उंच, दोरी घट्ट गुंडाळलेला खांब आणा, बूड जड हवं, एकदा डगमगला तर ती ढुंकूनही बघणार नाही. कोपऱ्यात नको, सोफ्याला खेटून ठेवा. तिने नखं लावली की लगेच, 1-2 सेकंदात, खाऊ द्या. पंजे धरून घासायला लावू नका प्लीज, बिचारी घाबरते. रुळली की खांब रोज थोडा थोडा तुम्हाला हव्या त्या जागेकडे सरकवा.