बडोद्यात शिकायला आलात? पर्समधल्या पेपर स्प्रेविषयी

महाराष्ट्रातून एम. एस. युनिव्हर्सिटीत येणाऱ्या मुलींच्या सामानात घरचे हल्ली आठवणीने पेपर स्प्रे, म्हणजे डोळ्यांत मारायचा मिरचीच्या अर्काचा फवारा, टाकतात. तो बाळगायला परवाना लागत नाही. पण टिफिन आणि चार्जरखाली पर्सच्या तळाशी गेला, की असून नसल्यासारखाच. फतेगंज किंवा सयाजीगंजमध्ये रात्री उतरताना तो हातात हवा, अंगठा सेफ्टी लॉकवर.

बाळगणं कायदेशीर असलं तरी कसाही वापरून चालत नाही. भारतीय न्याय संहितेतली 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल तेवढाच मारा करता येतो. पार्किंगवरून बाचाबाची झाली म्हणून किंवा माणूस पळून जात असताना मागून स्प्रे मारलात, तर गुन्हा तुमच्यावरच लागू शकतो. 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात पेपर स्प्रेला धोकादायक शस्त्र मानून गुन्हा रद्द करायला नकार दिला होता. चाकू तर नकोच. शहरात पोलीस आयुक्तांचे शस्त्रबंदीचे जाहीरनामे वेळोवेळी निघतात.

आता वापर. बाटली आधी हलवा. अंतर साधारण दोन ते तीन मीटर, नेम डोळ्यांवर, एक-दोन सेकंदांचा फवारा, आणि लगेच बाजूला होऊन पळा. हल्लेखोराचे डोळे मिटले का हे बघत थांबू नका. वारा तोंडावर येत असेल तर स्प्रे तुम्हालाच लागतो. धार सोडणारा स्प्रे वाऱ्यात त्यातल्या त्यात बरा. धुक्यासारखा पसरणारा रिक्षात किंवा लिफ्टमध्ये सगळ्यांनाच रडवतो. गरब्याच्या गर्दीत तर विचारही नको. (कागदाच्या पुडीतली तिखटाची पूड हा आजीचा उपाय. ती बहुतेक वेळा आपल्याच डोळ्यांत जाते.) नवा स्प्रे मोकळ्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, अर्धा सेकंद मारून बघा. मुदत तपासा, दाब उतरला की नुसते थेंब गळतात. मे महिन्यात ॲक्टिवाच्या डिकीत ठेवू नका, बाटली तापून फुटू शकते. विमानाच्या हँडबॅगेत चालत नाही. स्वतःला लागलाच तर डोळे चोळू नका, लेन्स काढा, गार पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा.

याहून जास्त उपयोग आवाजाचा होतो. नुसतं ओरडलं तर लोकांना जोडप्याचं भांडण वाटतं. म्हणून गुजरातीत, मोठ्याने: "आ माणसने हुं ओळखती नथी!" हे एक वाक्य आल्या दिवशीच पाठ करा. शिट्टी किचेनला लावा.

मदतीचे फोन नंबर: 112 सगळ्यांसाठी, 181 अभयम ही गुजरातची महिलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास. फोन आला की समुपदेशक महिला पोलिसासह गाडी घेऊन येते, त्यामुळे "काळ्या घोड्यापाशी" किंवा "कमाटीबागेच्या गेटसमोर" अशी ठळक खूण सांगा. फोनमधलं इमर्जन्सी एसओएस, म्हणजे संकटात पटकन मदत मागायची सोय, आजच चालू करा.

कोणी सतत मागे येत असेल तर तो न्याय संहितेच्या कलम 78 खालचा गुन्हा आहे. तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. पोलिसांनी हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार, मागा. त्रास देणारा कॉलेजातलाच असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्या, आणि पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका.