घाटकोपरहून अंधेरीकडे: मेट्रो १ वर कुठे उतरायचं?

ठाणे-कल्याणकडून अंधेरीला जायला दादरला वळसा घालू नका. घाटकोपरला उतरा, पुलावरून पश्चिमेकडे मेट्रोत चढा. लोकलचा पास इथे चालत नाही. क्यूआर तिकीट आधीच मोबाइलवर काढलं तर संध्याकाळची खिडकीवरची रांग वाचते.

वर्सोव्यापर्यंतच्या या ११.४ किलोमीटरमध्ये १२ स्थानकं आहेत. खरी गंमत कुठे उतरायचं यात आहे. पवईसाठी साकीनाका, तिथून साकीविहार रोडने रिक्षा किंवा बेस्ट. विमान पकडायचं असेल तर 'एअरपोर्ट रोड' या नावावर जाऊ नका. टी२ म्हणजे विमानतळाच्या टर्मिनल २ साठी मरोळ नाका गाठा, खाली मेट्रो ३ घ्या आणि कफ परेडच्या दिशेने पुढच्याच स्थानकावर उतरा. आरेच्या दिशेची गाडी पकडली तर सीप्झकडे जाल, म्हणून फलाटावरचा फलक वाचाच. बॅगा असतील तर या बदलासाठी वेळ हाताशी ठेवा.

गोरेगाव, बोरिवली पूर्वेला पश्चिम द्रुतगती मार्गालगत जायचंय? वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानकावर उतरा, पुलाने गुंदवलीला जाऊन मेट्रो ७ पकडा. लिंक रोडकडे जायचं तर डी.एन. नगर, तिथून अंधेरी पश्चिम स्थानकावरची मेट्रो २अ.

पावसाळ्यात अंधेरी सबवेत पाणी भरलं की पूर्व-पश्चिम रिक्षा अडकतात. मेट्रो वरून जाते, तेव्हा अशा दिवशी पश्चिमेला पोहोचायचं तर आझाद नगरपर्यंत बसूनच राहा.